कर्नाटकी तोडी कशी ऐकावी: पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांपासून नागस्वरापर्यंत

हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेला मराठी श्रोता कर्नाटक संगीताकडे वळला की सुरुवात बहुधा बरी होते. कल्याणीत यमन दिसतो, मोहनममध्ये भूप, हिंदोलममध्ये मालकंस, आभेरीत भीमपलास. ओळखीच्या घरात नवे पाहुणे आल्यासारखं वाटतं आणि आपला आत्मविश्वास वाढतो. मग कुणीतरी तोडी आळवायला घेतं आणि सगळा हिशेब बिघडतो. आवाज एका जागी ठरतच नाही, सूर सापडत नाही, आणि शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा मात्र डोळे मिटून ‘आहा’ म्हणत असतात.

बरेचजण इथे तोडी सोडून देतात आणि पुन्हा कल्याणीकडे जातात. माझं म्हणणं उलट आहे. कर्नाटक संगीत खरंच कळावं असं वाटत असेल तर मुक्काम तोडीतच करावा. कल्याणी ऐकताना आपण मनातल्या मनात यमनच ऐकत राहतो. तोडीत ती सोय नाही. स्वर ही एक जागा नसून जाण्यायेण्याची वाट आहे, असं कानाला मान्य करायला लावणारा याच्याइतका कडक मास्तर दुसरा नाही. घाई न करता, रोज थोडं ऐकत, पुढच्या क्रमाने गेलात तर काही आठवड्यांत तोडी पकडीत येऊ लागते.

आधी नावांचा घोटाळा मिटवा

कर्नाटकी तोडीचा आपल्या तोडीशी स्वरांच्या बाबतीत संबंध नाही. आपली मियाँ की तोडी ज्या स्वरांत आहे, त्या स्वरांच्या मेळाला (मेळ म्हणजे तिकडचा थाट) तिकडे शुभपंतुवराळी म्हणतात. तिकडच्या तोडीचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे: रे, ग, ध, नी कोमल आणि मध्यम शुद्ध. तिकडेही भैरवी नावाचा एक मोठा राग आहे, पण त्याचे स्वर वेगळे. आपल्या भैरवीच्या जवळ जाणारा तिकडचा राग म्हणजे सिंधुभैरवी. यूट्यूबवर शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलतंच काहीतरी ऐकून ‘तोडी कळली’ असं वाटायचं.

स्वरांची नावंही थोडी फिरलेली आहेत. आपल्या कोमल रिषभाला ते शुद्ध रिषभ म्हणतात आणि कोमल धैवताला शुद्ध धैवत. कोमल गंधार म्हणजे साधारण गंधार, कोमल निषाद म्हणजे कैशिकी निषाद. या लेखात मी आपलीच नावं वापरतो.

७२ मेळांच्या पद्धतीत तोडीचा क्रमांक ८. मेळाचं पूर्ण नाव हनुमतोडी, आणि क्रमांक त्या नावातच दडलेला आहे. अक्षरांना आकडे देणाऱ्या कटपयादी संकेतानुसार ‘ह’ म्हणजे ८ आणि ‘न’ म्हणजे ०. आकडे उलटे वाचायचे: ०८. ऐकण्यासाठी याचा काही उपयोग नाही, पण कोडी सोडवायची आवड असलेल्यांना बाकीच्या ७१ नावांवर एक दुपार घालवता येईल.

पेटीवर वाजवा आणि फसा

घरात पेटी असेल तर काढा. पांढरी तीनला षड्ज माना आणि तिथून एकही काळी पट्टी न घेता सरळ वरच्या पांढरी तीनपर्यंत जा. आरोह-अवरोह दोन्ही. हीच तोडीची स्वरपंक्ती, सातही स्वर सरळ क्रमाने.

काय ऐकू आलं? भैरवी. मैफल संपत आल्याची, उठून चपला शोधायची वेळ झाल्याची भावना. तोडी अजिबात नाही. वाटेल तितका वेळ वाजवा, पेटीतून तोडी निघणार नाही, कारण पेटीची पट्टी सुराला एका जागी खिळवते आणि तोडी त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या प्रवासात असते. हा प्रयोग टाळू नका. ‘सूर तेच, राग वेगळा’ हे आपण नेहमी बोलतो. इथे ते कानाला लागतं.

पेटी उघडीच आहे तर आणखी एक गंमत. त्याच पांढऱ्या पट्ट्या, पण षड्ज पांढरी चारला माना. कल्याणी, म्हणजे यमनचे स्वर. पांढरी एकला माना, शंकराभरणम, म्हणजे बिलावल. याला ग्रहभेद म्हणतात. आलाप रंगात असताना काही गायक-वादक तोडीच्या एखाद्या स्वराला क्षणभर षड्ज करून दुसऱ्या रागाची झलक दाखवतात आणि परत येतात. ते पकडायला कान तयार हवा, म्हणून आत्ताच हाताने करून पाहा.

गंधाराशी मुक्काम

तोडीचा जीव गंधारात आहे. इथे रेंगाळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आपल्याला कोमल गंधार हलतो हे नवं नाही. दरबारीचा आंदोलित गंधार सगळ्यांना ठाऊक आहे: संथ, जड, लहानशा टापूत हेलकावणारा. तोडीच्या गंधाराचा झोका मोठा आहे. तो रिषभाजवळून निघतो, मध्यमाच्या दिशेने वर जातो, पुन्हा खाली येतो, पुन्हा वर. पेटीवर ज्या पट्टीला आपण कोमल गंधार म्हणतो, तिच्यावर आवाज क्वचितच विसावतो. तो तिच्यावरून जातो-येतो. गायक तोंडाने ‘ग’ म्हणत असतो, आणि कानावर रिषभ आणि मध्यम यांच्यामधला सगळा रस्ता पडत असतो. यालाच नवखा श्रोता ‘बेसूर हलवतायत’ म्हणतो.

हे गळ्याने करून पाहावं. गाता येण्याची अट नाही.

तानपुऱ्याचं ॲप लावा, पट्टी स्वतःला सोसेल ती. षड्ज स्थिर करा. मग कोमल रिषभ लावा आणि धरून ठेवा. तोडीत रिषभ बराचसा साधा राहतो, षड्जाला चिकटून, त्यामुळे तो आधार म्हणून चांगला. नंतर शुद्ध मध्यम लावा आणि तोही नीट धरा. आता ‘ग’ हा उच्चार घेऊन रिषभापासून मध्यमाकडे आवाज घसरत न्या आणि परत आणा, अगदी हळू. वर गेल्यावर टेकायचं नाही, स्पर्श करून फिरायचं. खालच्या टोकाला किंचित जास्त वेळ. हे सहज होऊ लागलं की वेग वाढवा, पण झोका लहान होऊ देऊ नका. वेग वाढला की तो आपोआप आकसतो आणि नुसता कंप उरतो. तो कंप म्हणजे तोडीचा गंधार नव्हे.

पहिले काही दिवस हे हास्यास्पद वाटेल. दार लावून करा.

मग पुन्हा एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि फक्त गंधारावर लक्ष ठेवा, बाकी सगळं जाऊ द्या. धैवत आणि निषाद यांचंही असंच आहे: धैवत पंचमाजवळून निषादाकडे झुलतो, निषाद धैवतावरून तार षड्जाकडे. पण गंधार कळला की ते दोघे मागोमाग येतात. षड्ज आणि पंचम तेवढे अचल.

डोळ्यांनी समजून घ्यायचं असेल तर व्हायोलिनचा व्हिडिओ पाहा. कर्नाटक पद्धतीत वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मान धरण्याच्या कामातून मोकळा होतो. गंधार आला की बोट तारेवर पुढेमागे सरकताना स्पष्ट दिसेल. वीणेवर तेच काम तार पडद्यावर आडवी ओढून होतं. कानाने सुटलेलं असं कित्येकदा डोळ्याला सापडतं.

पंचम कुठे गेला, ते पाहा

तोडीत पंचम वर्ज्य नाही. तरी तिची सर्वांत देखणी वाक्यं पंचम गाळून जातात: ग म ध, नी ध म ग रे, किंवा ग म ध नी सा. मध्यमावरून थेट धैवतावर उडी पडते तेव्हा रागाचा चेहरा गंभीर होतो. आपला मालकंसावर पोसलेला कान इथे जरा सुखावतो, पण लगेच अवरोहात रिषभ येतो आणि मालकंस पुसला जातो.

ऐकताना एक साधा खेळ करा. पंचम आला की बोट वर करा. चांगला गायक पंचमाला किती उशिरा आणि किती विचार करून बोलावतो ते लक्षात येईल. बराच वेळ तो टाळून मग त्यावर जेव्हा स्वच्छ, सरळ मुक्काम होतो, तेव्हा इतक्या हालत्या सुरांनंतर पायाखाली जमीन आल्यासारखं वाटतं.

रचना कोणत्या क्रमाने ऐकाव्यात

आलाप हा तोडीचा कळस असला तरी सुरुवात तिथून करू नये. आधी बांधलेल्या रचना. हिंदुस्थानी बंदिशीपेक्षा इथे एक मोठा फायदा आहे: कृती बरीचशी ठरलेली असते, तेव्हा तीच रचना वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकली की रागाची वळणं आपोआप पाठ होतात.

पहिली रचना ऊत्तुक्काडु वेंकटकवींची ‘ताये यशोदा’. भाषा तमिळ, आदि ताल. गोपी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या आहेत: तुझ्या या गोपाळाच्या खोड्या ऐक तरी. आपल्या गवळणींत मुरलेल्या कानाला विषय समजावून सांगायला नको. तक्रार लाडिक, राग मात्र तोडी, आणि या दोन्हींची सांगड कशी बसते हे ऐकण्यासारखं आहे. तोडी म्हणजे कायम गंभीर, हा समजही इथेच मोडतो.

दुसरी, ‘एरा नापै’ हा वर्णम. वर्णम हा मैफलीच्या सुरुवातीचा प्रकार आणि विद्यार्थ्यांच्या रियाजाचाही. आपल्या कामाचा भाग म्हणजे त्यातले स्वर. तिथे गायक शब्दांऐवजी स्वरांची नावं गातो. म्हणजे तो ‘ग’ असं म्हणेल आणि त्याच क्षणी तो झुलता गंधार कानावर पडेल. नाव आणि हालचाल यांची गाठ याहून सोप्या रीतीने कुठेच बसत नाही. मला विचाराल तर वेळ कमी असेल त्याने बाकी सगळं सोडावं, हा वर्णम सोडू नये.

ऐकताना ताल हाताने धरा. आदि ताल आठ मात्रांचा: मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग थाप आणि पालथा हात, पुन्हा थाप आणि पालथा हात. सभागृहात निम्मे श्रोते हे करत असतात, तेव्हा लाजायचं कारण नाही.

तिसरी, त्यागराजांची ‘कद्दनुवारिकि’. त्यागराज (१७६७ ते १८४७) कावेरीकाठच्या तिरुवैयारुचे, भाषा तेलुगू. पल्लवीचा, म्हणजे ध्रुवपदाचा, आशय असा: ‘आहे’ म्हणणाऱ्यांसाठी तो आहे, हे थोरांचं बोलणं आज खोटं ठरणार का? देवालाच घातलेलं हे कोडं आहे, तुकोबांच्या भांडणाची सवय असलेल्यांना लगेच भिडणारं. चरणात झोप बाजूला सारून, हातात तंबुरा घेऊन, शुद्ध मनाने, नेम न चुकता भजन करणाऱ्याचं वर्णन येतं. ‘निद्दुर निराकरिंचि’ ही ती ओळ. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतर दोन जड रचना. मुत्तुस्वामी दीक्षितरांची ‘कमलांबिके’ रूपक तालात आहे. तिरुवारूरच्या कमलांबा देवीवरच्या नवावरण कृतींच्या मालिकेची ही ध्यानकृती, म्हणजे सुरुवातीची ध्यानाची रचना. भाषा संस्कृत असल्यामुळे शब्द कळतात, आणि चाल इतकी संथ की प्रत्येक स्वराची हालचाल बारकाईने पाहता येते. दुसरी श्यामा शास्त्रींची ‘रावे हिमगिरिकुमारि’ ही स्वरजती, म्हणजे स्वर आणि शब्द दोन्ही गायची रचना. श्यामा शास्त्री तंजावरच्या बंगारू कामाक्षीचे पुजारी होते, आणि ही रचना लेकराने आईला हाक मारावी तशी आहे. संगीताच्या त्रिमूर्तीतल्या या तिघांचा एकच राग पाठोपाठ ऐकला, की स्वभाव किती वेगळे होते ते समजतं. त्यागराज बोलतात, दीक्षितर मूर्ती घडवतात, श्यामा शास्त्री विनवतात.

आता आलाप

इथपर्यंत आलात की तोडीचा आलाप अंगावर येत नाही. बहुतेक वेळा तो मैफलीच्या मुख्य रचनेआधी असतो. आपल्या ख्यालासारखा ठेका सोबत नसतो, केवळ तंबुरा आणि पाठोपाठ व्हायोलिन. शब्दही नाहीत, ‘त द री न’ सारखे उच्चार. साधारणपणे गायक आधी दोन-चार ठळक वाक्यांत राग कोणता ते सांगून टाकतो. आपल्याकडच्यासारखी एकेका स्वराची वाट बघायला लावणारी बढत सुरुवातीलाच नसते. मग एकेका स्वरावर थांबत वर सरकणं, तार सप्तकात फिरणं, वेगवान फिरती, आणि खाली परतणं. गायकाचा भाग संपला की व्हायोलिनवाला तोच राग स्वतःच्या पद्धतीने मांडतो. तो ‘जागा भरतोय’ असं समजून गप्पा मारू नका. जे गळ्यातून निसटलं ते तारेवर पुन्हा ऐकायची ही संधी असते.

तोडी किती मोठी, यावर तंजावरची एक आख्यायिका आहे आणि त्यात आपलीही माणसं आहेत. सरफोजीराजे भोसले दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात सीतारामय्या नावाचे गायक होते. तोडीवर हुकमत अशी की नावामागे ‘तोडी’ हेच लागलं. पैशांची नड पडली तेव्हा त्यांनी सावकाराकडे चक्क तोडी राग गहाण टाकला. कर्ज फिटेपर्यंत तोडी गायची नाही. राजाने तोडीची फर्माईश केली तेव्हा हे उघडकीला आलं, आणि राजाने पैसे भरून राग सोडवला. मराठी राजाने कर्ज फेडून सोडवलेला राग मराठी माणसाने ‘कळत नाही’ म्हणून सोडावा, हे काही बरं नाही.

आलाप नागस्वरावर ऐकल्याशिवाय हा टप्पा पूर्ण होत नाही. हे देवळातलं वाद्य, सनईच्या जातीचं पण लांब आणि आवाजाने दणदणीत, साथीला तविल हा ढोल. तिरुवावडुदुरैचे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८ ते १९५६) आणि तोडी ही नावं दक्षिणेत एकत्रच घेतली जातात. त्यांची जुनी मुद्रणं खरखरीत आहेत, तरी तीच शोधा. उघड्यावर, मिरवणुकीत वाजवायच्या वाद्याने गंधाराचा झोका इतका भरदार होतो की पेटीवर भैरवी वाजवून सुरुवात केली होती यावर विश्वास बसत नाही. हेडफोन नको, खोलीतल्या स्पीकरवर ऐका.

निरवल आणि कल्पनास्वर

कृती गाऊन झाल्यावर गायक एक ओळ निवडतो आणि तालात राहून तीच पुन्हा पुन्हा वेगळ्या स्वररचनेत गातो. शब्द त्याच मात्रांना, चाल दर वेळी नवी. हे निरवल. मघाची ‘निद्दुर निराकरिंचि’ ही यासाठी आवडती ओळ. झोप झटकून तंबुरा हाती घेणाऱ्याबद्दलचे शब्द, आणि गाणारा स्वतः तंबुऱ्यासमोर बसलेला. मग कल्पनास्वर: उत्स्फूर्त सरगम, जी दर वेळी फिरून त्याच ओळीच्या सुरुवातीवर येऊन पडते. आधी संथ आणि तोकडी, मग दुप्पट लयीत लांब. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सरगमीला जे कर्नाटकी वळण आहे, त्याचं मूळ घर हे.

इथे ओळीची सुरुवात कितव्या मात्रेला आहे तेवढं हाताने पकडून ठेवा. बाकी गणित नाही समजलं तरी चालतं. शेवटी मृदंगम आणि घटम किंवा खंजिरा यांचं तनि आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांचं स्वतंत्र वादन, होतं. चेन्नईच्या सभांमध्ये (सभा म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्था) याच वेळी बरेच श्रोते कॅंटीनकडे निघतात. तिथला डोसा चांगला असतो हे खरं आहे, पण वादकाच्या तोंडावर उठून जाऊ नये.

परीक्षा

तोडी खरोखर बसली का हे पाहायचं तर तिच्या जवळच्यांशी गाठ घालून द्या. सर्वांत फसवी धन्यासी. ती तोडीच्याच मेळातली, पण आरोहात रिषभ आणि धैवत नाहीत: सा ग म प नी सा. येताना सगळे सात. तिच्यात पंचम मोकळेपणाने वावरतो, आणि तोडीचं ‘ग म ध’ आलं की समजावं, ही धन्यासी नाही. शुभपंतुवराळी तीव्र मध्यमाने आणि शुद्ध निषादाने लगेच उघडी पडते. आपल्या तोडीचा कान इथे कामी येतो. सिंधुभैरवी बहुधा मैफलीच्या शेवटी, हलक्या रचनांत भेटते. त्याच सुमारास पुष्कळदा एखादा मराठी अभंगही होतो, तंजावरच्या मराठ्यांची आणि तिथल्या नामसंकीर्तनाची ही देणगी.

घरी कुणाला तरी या चारांतली मुद्रणं नाव न सांगता लावायला सांगा. पहिल्या अर्ध्या मिनिटात तोडी ओळखता आली की समजा जमलं. नाही आली तर वर्णमकडे परत जा, गंधारापाशी.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, चेन्नईला जावं. म्युझिक अकादमीसह अनेक सभांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात आणि दिवसाच्या बऱ्याच मैफली फुकट असतात. कोण काय गाणार हे सहसा आधी जाहीर होत नाही. मुंबईकरांना एवढं लांब जायला नको, षण्मुखानंद सभागृह आहे. तिकीट काढताना शक्यतो व्हायोलिनवाल्याची बोटं दिसतील अशी जागा निवडा. व्यासपीठावर तो बहुधा गायकाच्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्या उजवीकडे बसतो.